गाडवाटेचा गेज

आषाढातल्या एका संध्याकाळी आमच्या चिरंजिवांची नवी गाडी पुण्याहून दिवसभराचा रस्ता विनातक्रार कापून आली आणि आमच्या फाटकापासून ओट्यापर्यंतच्या साठ फुटांत फसली. पुढची दोन्ही चाकं जागच्या जागी भिंगरीसारखी फिरत होती आणि काळ्या चिखलाचे शिंतोडे आधी फाटकावर, मग तुळशीवर आणि शेवटी मदतीला धावलेल्या माझ्या सदऱ्यावर उडत होते. शेजारच्या ट्रॅक्टरने गाडी ओढून काढली. ट्रॅक्टरवाल्याला पैसे देऊ केले, तर तो म्हणाला, "गुरुजी, तुमच्याकडून पैसे घेऊ का? तुमी शिकवलेलं हाय मला." आणि पैशांऐवजी त्याने मला एक सल्ला दिला: ही वाट पक्की करून घ्या. पैसे घेतले असते तर स्वस्तात पडलं असतं.

आमचं गाव पेडगाव. हे नाव सांगितलं की समोरचा माणूस गालातल्या गालात हसतो, हा आयुष्यभराचा अनुभव आहे. वेड पांघरून लोक ज्या पेडगावला जातात ते भीमेकाठचं, श्रीगोंदे तालुक्यातलं, बहादूरगडाचं पेडगाव. आमचं परभणी तालुक्यातलं, मनमाडकडे जाणाऱ्या रेल्वेवरचं. राजा परांजप्यांनी 1952 साली ‘पेडगावचे शहाणे’ काढला तोही आमच्याशी काही संबंध नसताना. पण म्हणीचा मालकीहक्क सातबाऱ्यावर चढत नाही, त्यामुळे त्या गावाचं हसं आम्ही या गावात विनामोबदला सोसतो. एवढं मात्र खरं की गाडी फसल्यानंतरच्या महिनाभरात माझ्या दारात जेवढे शहाणे येऊन गेले, तेवढे पाहता म्हण चुकून आमच्याच गावावरून निघाली असावी, असं मलाही वाटायला लागलं.

आधी या साठ फुटांविषयी सांगायला हवं. गावातली जुनी घरं पांढरीवर आहेत. पांढरी म्हणजे गावठाण, काळी म्हणजे शेत. राहायचं पांढरीवर, पेरायचं काळीत. आमच्या आज्याचं घर माळवदाचं होतं, भिंतींना आणि छताला तीच पांढरी माती. त्या मातीला सवयच नाही हलायची. पण भावांच्या वाटण्या झाल्या, वाड्यात चुली वाढल्या, आणि वडलांनी रस्त्याकडेच्या आपल्या वाट्याच्या तुकड्यात चार खोल्या बांधल्या. रस्ता जवळ, मोटार थांबते, लाइटचा खांब दारात. सगळं बघितलं, फक्त पायाखाली बघायचं राहिलं. ती काळी होती.

काळ्या मातीची गंमत अशी की ती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते. फ्रान्समधल्या मॉन्टमोरिलॉन गावावरून 1847 साली हे नाव पडलं. तिच्या कणांचे पापुद्रे असतात आणि पाणी त्या पापुद्र्यांच्या मधे शिरून त्यांना दूर सारतं. म्हणजे आमच्या शेताला नाव फ्रेंच, स्वभाव मराठवाडी: पाणी दिसलं की फुगायचं आणि उन्हाळा आला की भेगाळायचं. वैशाखात भेगेत काठी घातली तर हातभर खाली जाते. माझं एक फाउंटन पेन असंच गेलं. ते आता कुठल्या थरात असेल, भूगर्भशास्त्रज्ञ जाणोत. शेतकऱ्याला हा स्वभाव मानवतो, कारण उन्हाळ्यात वरचा भुगा भेगांत पडतो, पावसात खालची वर येते, माती आपली आपणच नांगरून घेते. कापूस, तूर, ज्वारी सगळं तिच्यावरच. पण जे पिकाला लाभतं ते सिमेंटला बाधतं.

वडलांनी चाळीस वर्षांपूर्वी या वाटेवर थेट काळीवर तीन इंच कोबा ओढला होता. त्या दिवशी पेढे वाटले होते, मला आठवतं. पहिल्या पावसाळ्यात मधोमध फुगवटा आला, पुढच्या उन्हाळ्यात त्याला तडा गेला. तिसऱ्या वर्षी तड्यातून गाजरगवत आलं. नंतरच्या वर्षांत तुकडे झाले आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्र विचारांचा निघाला, एक इकडे कललेला, दुसरा तिकडे. आई तेव्हाच म्हणाली होती, "काळी माय हाय ती. तिच्या अंगावर सिमिट घातलं तर ती अंग झटकणारच." वडलांनी तिचं ऐकलं नाही. त्या काळी नवरे ऐकत नसत; आता ऐकतात, पण मधे आईचं वय चौऱ्याऐंशी झालं.

त्यात रस्त्याची भर. गावापुढचा रस्ता जेव्हा जेव्हा नवा होतो तेव्हा जुना न उकरता त्यावरच थर पडतो. निवडणूक येते, नारळ फुटतो, ‘मजबुतीकरण व डांबरीकरण’ असा फलक लागतो आणि रस्ता चार बोटं वर येतो. घरं आहेत तिथंच राहतात. वडील फाटकातून रस्त्यावर उतरत असत, मी चढतो. रस्त्यावरचं पाणी या साठ फुटांतून घरंगळत ओट्याला भेटायला येतं. लोकशाहीची उंची वाढत असताना आपलं घर खड्ड्यात जातंय, हे सांगायला जावं तर कुठं, असा प्रश्न पडतो आणि माणूस फावडं घेऊन चर खणतो.

माझं बजेट होतं तीस हजार. पेन्शनीतून बाजूला काढलेले, बायकोला माहीत असलेले. हे दुसरं महत्त्वाचं, कारण माहीत नसलेले असते तर रक्कम वाढवता आली असती.

पहिला शहाणा माझा मेहुणा. त्याने परभणीहून पेव्हर ब्लॉकचा नमुना आणला, पिशवीतून, कलिंगड आणल्यासारखा. लाल, पिवळा, इंग्रजी आय अक्षराच्या आकाराचा. दिसायला फार देखणा. पण खालची माती तशीच ठेवून ब्लॉक बसवले तर दोन वर्षांत ते शेगावच्या कचोऱ्या मांडल्यासारखे दिसतील, हे मी बसस्थानकापुढच्या एका पटांगणात पाहिलं होतं. दुसऱ्याने शहाबादी सुचवली. शहाबादी फरशीवर माझा जीव आहे. शहाबाद आणि परभणी एकाच निजामी राज्यात नांदत होते, तेव्हापासून ती आमच्या स्वयंपाकघरात, न्हाणीत, शाळेच्या व्हरांड्यात आहे. तिच्यावर मी पाढे म्हटले आणि पुढं पाढे म्हणवून घेतले. पण पावसात ती अशी शेवाळते की वाटेवर लावली तर गाडी ओट्यापर्यंत येईल खरी, थांबेल की नाही ते सांगता येत नाही. तिसरा म्हणाला, डांबर. डांबर लावणारी माणसं साठ फुटांसाठी येत नाहीत. ती किलोमीटरच्या खाली बोलतच नाहीत.

चौथा आला तो गावचा मिस्त्री. हा मात्र जाणता माणूस. त्याने काही न बोलता काठीने कोब्यावर ठिकठिकाणी ठोकलं, टक् टक् आणि मधेच धब्ब. "पोकळ हाय," म्हणाला. डॉक्टर छातीवर बोटं वाजवतात तसं ऐकून मलाच जरा धाप लागली. मग त्याने हिशेब सांगितला. साठ फूट लांब, दहा फूट रुंद. काळी दीड फूट काढायची, दगडाचं सोलिंग, त्यावर मुरूम, पाणी मारून दबई, मग चार इंच काँक्रीट. नुसत्या काँक्रीटचे दोनशे घनफूट म्हणजे दोन ब्रास, त्याला सिमेंटच्या छत्तीस पिशव्या. मुरूम इथं काळीत कुठून मिळणार? माळावरून हायवाने आणायचा. शिवाय मुरूम, खडी, वाळू हे सगळं सरकारी भाषेत गौण खनिज, त्याची रॉयल्टी भरायची. दगडाला खनिज म्हटलं की त्याचा भाव आणि तोरा दोन्ही वाढतात. बेरीज दीड लाखाच्या पुढं गेली. मी बायकोकडे पाहिलं. ती चहा टाकायला उठली. चर्चा संपल्याची आमच्या घरात हीच खूण.

चहा पिताना मिस्त्री म्हणाला, "मालक, मंग चुना लावू का?"

मी दचकलो. पण त्याचा अर्थ सरळ होता. काळी पूर्ण काढायची नसेल तर तिच्यात शंभराला तीन ते पाच या प्रमाणात चुना कालवून दाबायची. चुन्यातलं कॅल्शियम मातीच्या कणांना धरून बसतं, तिचा चिकटपणा कमी होतो, ती रव्यासारखी सुटी होते आणि फुगणं आटोक्यात येतं. रस्त्यांच्या कामात हा जुना आणि खात्रीचा उपाय आहे. मी अठ्ठावीस वर्षं भूगोल शिकवला, त्यात काळ्या मातीची वैशिष्ट्यं पाच गुणांना असत, पण तिला चुना लावता येतो हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. बायको मात्र आतून म्हणाली, "पैसे घेऊन चुना लावणारे लई भेटले, आता हे सांगून लावायलेत." तो बेत तिथंच राहिला.

भूगोलाच्या मास्तरला आता जिद्द चढली. ग्रामपंचायतीत बसलेला प्रत्येक जण ‘डब्ल्यूबीएम’ असा शब्द तोंडातल्या सुपारीइतक्या सहज फिरवतो. त्यातला ‘एम’ म्हणजे मॅकॅडम, जॉन मॅकॅडम नावाचा स्कॉटलंडचा गृहस्थ. 1816 च्या सुमाराला त्याने ब्रिस्टलकडचे रस्ते हाती घेतले, तेव्हा मोठमोठे दगड रस्त्याच्या तळाशी पुरायची पद्धत होती. त्याचं म्हणणं वेगळंच पडलं. गाडीचा भार खरा उचलते ती खालची माती. तिला कोरडी ठेवा, मग ती काहीही उचलेल. वरची खडी ही तिची छत्री. ही खडी बारीक आणि एकसारखी हवी. दगड केवढा फोडायचा तर मजुराच्या तोंडात मावेल एवढा, असं माप ठरलं होतं म्हणतात. एका ठिकाणी खडी जरा मोठीच निघाली, चौकशी केली तर फोडणाऱ्या म्हाताऱ्याच्या तोंडात दातच नव्हते. ही गोष्ट खरी असो-नसो, मी मिस्त्रीला सांगितली. तो हसला नाही. "मंग त्याला मुकादम केला आसंल," म्हणाला.

पण छत्रीची गोष्ट माझ्या मनात राहिली. आईच्या बोलण्यात आणि त्या साहेबाच्या बोलण्यात फारसं अंतर नव्हतं. माती हलणार. तिला भिजू दिलं नाही तर कमी हलणार. आणि दहा फूट रुंद छत्री आपल्याला परवडणार नाही.

उत्तर सापडलं ते स्टेशनवर. आईचं घड्याळ म्हणजे रेल्वे. पॅसेंजर थांबली की भाकरी, एक्स्प्रेस न थांबता धडधडत गेली की दिवाबत्ती. एकदा बहिणीला आणायला स्टेशनवर गेलो होतो. गाडी उशिरा. फलाटाच्या टोकाला उभा राहून रुळांकडे बघत होतो. ही लाइन निजामाच्या अमदानीत, विसाव्या शतकाच्या तोंडावर पडली, याच मुलखातल्या काळीवरून. तेव्हा मीटरगेज, एक मीटर. 1990 नंतरच्या दशकात ब्रॉडगेज झाली, पाच फूट सहा इंच. शंभर-सव्वाशे वर्षं हजारो टन ओझं या फुगणाऱ्या मातीवरून चाललंय आणि कुणी गावभर कोबा केलेला नाही. खाली खडीचा जाड थर, बाजूला चर, आणि वर फक्त दोन पट्ट्या. जिथं चाक, तिथंच खर्च.

म्हणजे चाकोरी! मला स्टेशनवर एकट्यालाच हसू आलं. चाकोरी म्हणजे मुळात चाकांनी पाडलेली वाट, बैलगाडीच्या दोन धावांची. निरोप समारंभात, पंधरा ऑगस्टला, दहावीच्या पोरांना, दरवर्षी मी एकच सांगत आलो होतो की बाळांनो, चाकोरीबाहेर पडा. आणि सेवानिवृत्तीनंतर मी स्वतःच्या दारात तीस हजार घालून चाकोरी करायला निघालो होतो. बहीण गाडीतून उतरली तेव्हा तिला वाटलं, मी तिला बघून हसतोय.

घरी येऊन हिशेब केला. दोन-दोन फूट रुंदीच्या दोन पट्ट्या, साठ फूट लांब. सहाशेऐवजी दोनशे चाळीस चौरस फूट. काँक्रीट ऐंशी घनफूट. सिमेंटच्या पिशव्या छत्तीसवरून पंधरावर. मिस्त्रीने कागद उलटासुलटा करून बघितला आणि एकच प्रश्न विचारला, "मधी अंतर किती ठिवायचं?"

गेजचा प्रश्न आला! निजामापासून रेल्वे बोर्डापर्यंत साऱ्यांना पडलेला प्रश्न आता माझ्यापुढं होता. चिरंजिवांच्या गाडीची चाकं मापली. ट्रॅक्टरची मापली, ती वेगळी. चुलत्यांकडे बैलगाडी आहे, तिचं माप तिसरंच. प्रत्येक वाहनाचा मालक स्वतःच्या मापाचा आग्रह धरून ओट्यावर बसला. मी आणखी वाचत गेलो, तर कळलं की आज ज्याला झिंबाब्वे म्हणतात त्या ऱ्होडेशियात 1930 च्या दशकात पैसा नव्हता म्हणून सरकारनेच असे पट्टीरस्ते केले होते, शेकडो मैल. दोन फुटांच्या दोन डांबरी पट्ट्या आणि मधे मोकळी माती. समोरून गाडी आली की दोघांनी एकेक पट्टी सोडायची, प्रत्येकाची दोन चाकं डांबरावर, दोन धुळीत. पट्ट्यांमधलं अंतर पावणेतीन फुटांच्या आसपास. म्हणजे मध्यापासून मध्यापर्यंत पावणेपाच फूट. चिरंजिवांच्या चाकांचंही माप जवळजवळ तेच निघालं. दुरून आफ्रिकेने कौल दिला आणि ट्रॅक्टरवाला नाराज झाला. दोन फुटांच्या पट्टीत त्याचंही चाक कसंबसं बसतं हे त्याला फूटपट्टीने दाखवावं लागलं. बैलांनी काही तक्रार केली नाही.

काम दिवाळीच्या आधी, पाऊस सरल्यावर काढलं. जुना कोबा फोडायला दोन बिगारी आणि मी. वडलांनी हौसेने घातलेलं सिमेंट घणाने फोडताना हात जरा आखडत होता, पण मिस्त्रीने तोडगा काढला. "टाकायचं कामून? हेच सोलिंग." दोन चर खणले, अडीच फूट रुंद आणि दीड फूट खोल, आणि वडलांचा कोबा तुकड्या-तुकड्यांनी त्यांच्या तळाशी गेला. चाळीस वर्षं तो वर राहून हलत होता, आता खाली गप्प बसला. त्यावर मुरूम, तीन थरांत, प्रत्येक थराला पाणी आणि धुम्मस. रोलर आणणं परवडणारं नव्हतं. धुम्मस मी दहा मिनिटं चालवून बघितली. नंतर दोन दिवस माझ्या दोन्ही खांद्यांचा गेज वेगवेगळा होता. दबल्यावर मुरूम चौथ्या हिश्शाने खाली बसला आणि आणखी अर्धा ब्रास मागवावा लागला. स्वस्तातल्या कामात हा अर्धा ब्रास नेहमी असतो.

काँक्रीट ओतताना मी मास्तरकी केली. ढाळ रस्त्याकडून घराकडे नको, बाहेरच्या बाजूला हवा, फुटाला पाव इंच. दर आठ फुटांवर सांधा हवा, म्हणजे तडा जायचाच झाला तर आपण सांगू तिथं जाईल. मिस्त्री म्हणाला, "तडा कुणाचं ऐकतो का गुरुजी?" पण सांधे केले. बारदानं टाकून पाणी मारायचं काम आईने मागून घेतलं. सात दिवस पुरे म्हटलं तर ती म्हणाली, बाळंतिणीला सव्वा महिना लागतो, याला सातात कसं भागंल? तिने अठ्ठावीस दिवस पाणी मारलं. सिमेंटची पूर्ण ताकदही अठ्ठावीसच दिवसांनी मोजतात. हे तिला सांगितल्यावर ती म्हणाली, "मंग मी काय म्हणत होते?"

एकूण खर्च एकतीस हजार चारशे. वरचे चौदाशे कुठून आले, हे बायकोने विचारलं नाही आणि मी काढलं नाही.

मधली पावणेतीन फुटांची काळी तशीच राहिली होती. पडीक जमीन घरात बघवत नाही, असं म्हणत आईने तिथं कोथिंबीर टाकली, पुढं थोडी मेथी, फाटकाजवळ दोन मिरच्या. पट्ट्यांवरचं पाणी मारताना उरलेलं तिकडे जायचं, त्यामुळे ती तरारून आली. सकाळी आई उजव्या पट्टीवरून काठी टेकत फाटकापर्यंत जाते, मी डाव्या पट्टीवरून तिच्या बरोबरीने. मधे कोथिंबीर. इतकी वर्षं आम्ही दोघं या वाटेवर एकामागे एक चालायचो, खड्डे चुकवत, ती पुढं आणि मी मागं. बोलणं होत नसे. आता फाटक येईपर्यंत कुणाच्या लेकीचं काय झालं, हरभरा कसा आहे, एक्स्प्रेस आज उशिरा का, सगळं होतं.

नरकचतुर्दशीच्या सकाळी चिरंजीव आले. फाटक उघडं होतं, चाकं बरोबर पट्ट्यांवर लागली, गाडी दहा फूट आत आली आणि थांबली. उजव्या पट्टीवर आई उकिडवी बसून कोथिंबीर खुडत होती. त्याने हलकेच हॉर्न दिला. मी ओट्यावरून ओरडलो, "आई, गाडी!" ऱ्होडेशियाच्या नियमाने तिने पट्टी सोडायला हवी होती.

"यिऊ दे की," आई म्हणाली आणि दुसऱ्या वाफ्याला हात घातला.

चिरंजिवांनी इंजीन बंद केलं, दार उघडलं, डाव्या पट्टीवरून चालत आले आणि कोथिंबीर चुकवून तिच्या पाया पडले.